बाहीतला हात

खालचे सूर कोणी वाजवलेत, त्यांचं नाव कसं लिहायचं, असं स्टुडिओवाल्याने फोनवर विचारलं तेव्हा डावरी पाव कापत होती. आणि आपण तो डाव्या हाताने कापतोय हे तिच्या त्याच क्षणी लक्षात आलं. सुरी थांबली. म्हणजे तिने थांबवली असं नाही. सुरीने हातातला काप पुरता उतरवला, फळीवर आडवा केला आणि मग ती थांबली. "कुठले खालचे सूर?" डावरीने विचारलं. "अगं, सगळ्याच तुकड्यांत आहेत की! वर तू, खाली ते. काय वाजवलंय गं त्यांनी! ठोक्याच्या केसभर मागून येतात. घाई नाही, गडबड नाही, जेवण झालेल्या जावयासारखे. फक्त प्रत्येक सुराच्या आधी एक बारीकशी ठक् आहे, पेडलबिडलची असेल. ती मी काढून टाकतो." "मी एकटीनेच वाजवलंय," ती म्हणाली, "सोलो आहे ते." पलीकडून हसण्याचा आवाज आला. "सोलो सगळ्यांचंच असतं गं. पण माणसाचं नाव द्यावं. नंतर रुसतात."

फोन ठेवून ती पावाकडे वळली. सगळे काप एकसारखे, वहीच्या पानांसारखे पडले होते. उजव्या हाताने कापलेला पाव तिच्याकडून नेहमी एका बाजूला उतरता व्हायचा. आई म्हणायची, तुझा पाव घसरगुंडीवरून आलाय. त्या सरळ, नीट, परक्या कापांकडे पाहताना तिला आपल्याच स्वयंपाकघरात कोणीतरी येऊन गेल्यासारखं वाटलं. येऊन गेल्यासारखंही नाही, अजून गेलेलं नसल्यासारखं.

डावरी हे नाव तिला पहिल्या बँडने दिलं, आणि देतादेताच तिचा डावा हात बंद करून टाकला. ते काम जाड्याचं. जाड्या अंगाने नुसती काडी होता. नाव पडलं ते त्याच्या बास गिटारच्या जाड तारांवरून. पहिल्याच सरावाला ती दोन्ही हात की-बोर्डवर ठेवून बसली, डावाच जास्त चालू लागला, तसा तो तार सोडून म्हणाला, "ए डावरे, खालचा मजला माझा आहे. तुला काय नाचायचं ते वर नाच. डावा हात खिशात." त्यात त्याचं चुकलं असंही नव्हतं. खाली दोघं वाजवायला लागले की चिखल होतो, हे की-बोर्डवाल्याला जगातला प्रत्येक बासवाला पहिल्या दिवशी सांगतो, आणि शहाणा की-बोर्डवाला ते ऐकतो. डावरी शहाणी होती. बाकीचे की-बोर्डवाले चार दिवसांनी हळूच एखादं बोट खाली सोडतात, एखादा सूर चोरतात. हिने चोरला नाही. तो बँड मोडला, दुसरा झाला, तो मोडला, तिसरा झाला. गायक बदलले, ढोल बडवणारे बदलले, जाड्या आणि ती मात्र मीठ-मिरचीसारखे प्रत्येक बँडात बरोबर गेले. ती वर वाजवत राहिली. वर वाजवणं म्हणजे भिंतीला रंग देणं. पाहुणे फर्निचरची तारीफ करतात, पडद्यांची करतात, रंगाकडे कोणी बघत नाही. पोपडा निघाला की मात्र सगळ्यांना दिसतो. आणि इतकी वर्षं डावा हात खिशात, मांडीवर, कधी खुर्चीच्या काठावर, सिनेमाला बरोबर आणलेल्या लहान भावंडासारखा, गप्प बसून होता.

मग एक दिवस तिसरा बँडही संपला. भांडण नाही, तंटा नाही. गायकाला जाहिरातीत काम मिळालं, ढोलवाल्याला जुळी झाली, आणि जाड्याने सासऱ्यांचं फरशांचं दुकान घेतलं. "आता तू सोलो कर," सगळे जाताना म्हणाले. पंगतीतून उठताना उरलेलं तू संपव म्हणावं, तसे. तिने केलं. घरच्या पुढच्या खोलीत, रोज सकाळी, पडदा ओढून, एकटीने. पहिल्या काही दिवसांत तर तिला कळेचना की आपण मधेच का थांबतो. दोन ओळी वाजवायच्या आणि गप्प राहायचं, कोणीतरी उत्तर देईल म्हणून. मग लक्षात आलं, ही सवय आहे. ती गिटारसाठी जागा ठेवतेय, गाण्यासाठी जागा ठेवतेय. मोठ्या पलंगावरसुद्धा ती एका कडेला झोपायची. त्या मोकळ्या जागा तिने तशाच राहू दिल्या. तिला वाटलं, हेच आपलं. आपलं म्हणावं असं आपल्याकडे एवढंच आहे, दुसऱ्यांसाठी ठेवलेली जागा.

आता तिने कानाला हेडफोन लावले आणि घरीच करून स्टुडिओवाल्याला पाठवलेलं स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं. होते. खालचे सूर होते. तिने ठेवलेल्या जागांत ते येऊन बसले होते, पाय पसरून नव्हे, अगदी अदबीने. पण बसले होते. ठोका पडायचा आणि केसभर मागून तो जाड सूर यायचा. ती ढब तिने हजार वेळा स्टेजवर पाठीमागून ऐकली होती. जाड्याची ढब. तो नेमका एवढाच मागे राहायचा. त्यावरच तर त्याचं नाव झालं होतं. तिने ती रेकॉर्डिंगची सकाळ आठवून पाहिली. उजवा हात सगळा आठवत होता, करंगळी कुठे अडखळली तेसुद्धा. डाव्या हाताचं काहीच आठवेना. ती बाजू कोऱ्या भिंतीसारखी. मग एक आठवलं. त्याच सकाळी रेकॉर्डिंग संपल्यावर आई चहाचे तीन कप घेऊन पुढच्या खोलीत आली होती, इकडेतिकडे बघून म्हणाली होती, "जाड्या गेला वाटतं? चहाला थांबला नाही?" आईचं वय झालंय, म्हणून तेव्हा तिने तो तिसरा कप स्वतःच पिऊन टाकला होता.

आईचं वय झालं होतं हे खरं, पण डोकं घड्याळासारखं चालत होतं. गेले होते ते कान, आणि तेही अर्धे. कानाच्या डॉक्टरने बऱ्याच वर्षांपूर्वी सांगितलं होतं, "वरचे आवाज गेलेत, खालचे शाबूत आहेत." दारावरची घंटा आईला ऐकू यायची नाही, पण दार आपटलं तर यायचं. पाखरं नाहीत, ट्रक ऐकू यायचे. तिच्याशी बोलताना डावरीला आवाज चढवून चालायचं नाही, तो उतरवावा लागायचा. चढवला की तो आईच्या डोक्यावरून निघून जाई. सगळे बँड याच घरात सराव करायचे, कारण इथे कोणी कुरकुर करत नसे. पुढच्या खोलीत हे, मागच्या खोलीत आई, शिवणाच्या मशीनवर, दुनियेच्या विजारी आखूड करत. आणि एकदाच आई कार्यक्रमाला आली होती, नवी साडी नेसून, पहिल्या रांगेत. घरी येताना तिने तोंड भरून कौतुक केलं होतं. "जाड्याने काय वाजवलं गं!" डावरी त्या वेळी हसली होती. पण ते वाक्य तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून राहिलं ते राहिलंच. एवढ्या वर्षांत आईने तिचं काही ऐकलंच नव्हतं. ऐकूच शकत नव्हती. येत्या रविवारी दुपारी डावरीचा पहिला एकटीचा कार्यक्रम होता, आई पहिल्या रांगेत बसणार होती, आणि तिला ऐकू येईल असं त्यात जर काही असणार असेल, तर ते जाड्याचं असणार होतं. काय म्हणावं याला? घर आपलं, ताट आपलं आणि जेवून गेला शेजारी!

त्या दिवसापासून तिने हातावर पाळत ठेवली. पाळत ठेवली की माणसंसुद्धा वेगळी वागतात, तो तर हात. ती बघायची तेव्हा तो मांडीवर साळसूद पडलेला असे. नजर वळली की काहीतरी करून ठेवायचा. नळ जरा जास्त घट्ट बंद झालेला सापडायचा. टेबलावरची पुस्तकं कोणीतरी कडेला कड लावून ठेवलेली असत. ती मुद्दाम हातावर बसून वाजवायला लागली. तुकडा संपल्यावर बघते तो हात खालच्या पट्ट्यांवर, बोटांच्या टोकांवर दाबाच्या पांढऱ्या खुणा, आणि मांडीखाली नुसती उशी. उशी तिथे तिने ठेवली नव्हती. हात गार असायचा. गारही नाही, खूप वेळ बाहेर राहून आत्ताच घरात आलेल्या माणसाच्या हातासारखा. सकाळी जाग यायची तेव्हा तो तिच्या अंगापासून लांब, पलंगाच्या त्या दुसऱ्या, तिने कायम मोकळ्या ठेवलेल्या बाजूला जाऊन झोपलेला असे.

शेवटी ती जाड्याच्या दुकानात गेली. दुकान कसलं, पाणी नसलेलं तळं. चहूकडे चकचकीत फरशा, भिंतीला टांगलेली वॉशबेसिनं, आणि मधोमध जाड्या, आता खरंच जाड झालेला, एक फरशी कानाशी धरून तिच्यावर बोटाने टकटक करत होता. "पोकळ आहे," तो फरशीला म्हणाला आणि मग डावरीला, "ये ये! सोलो आर्टिस्ट! आता भांडतेस कोणाशी?" "स्वतःशी." "जिंकतं कोण?" तिने हसायचा प्रयत्न केला. मग तिचं लक्ष गेलं, तो सगळं उजव्या हाताने करत होता. डावा हात काउंटरवर ठेवला होता, पेपरवेट ठेवावा तसा. "याला काय झालं?" "झोपलाय," जाड्या म्हणाला. त्याने उजव्या हाताने डावा उचलला आणि सोडला. तो काउंटरवर पडला. "थंडी सुरू झाली तेव्हापासून. डॉक्टर म्हणतो नस, बायको म्हणते आळस. सकाळी-सकाळी तर अशा मुंग्या येतात, जसं काही मी तिकडे कुठे वाजवतोय आणि इथे मला कोणी कळवत नाही." त्याने ते हसतच सांगितलं. डावरीने आपला डावा हात पाठीमागे नेला. तिने विचारलं, "ते तुझं मागून येणं. कुठे शिकलास ते?" "शिकलो नाही गं. सापडलं. तुमच्याच घरी." तो एका गिऱ्हाइकाला हाताने थांब म्हणाला. "त्याआधी मी अगदी सरळ वाजवायचो, शाळेच्या घंटेसारखा. तुमच्याकडे सराव सुरू झाला आणि आपोआप मागे राहायला लागलो. वाटायचं, आधी कोणीतरी पाऊल टाकतंय, त्याला जाऊ द्यावं. आता विचारू नकोस कोण. आणि आता तर तेही गेलंय. परवा गिटार मांडीवर घेतली, उजव्यानेच तारा छेडल्या, तर पुन्हा घंटा." मग एकदम, आवाज खाली आणून, "का विचारतेस? तुझ्याकडे आलंय का?" ती म्हणाली, नाही. जाड्याने मान डोलावली, ती पोकळ फरशी बाजूला ठेवली आणि गिऱ्हाइकाकडे वळला. दुकानाबाहेर पडताना तिचा डावा हात दाराशी उभ्या केलेल्या फरशांवर एकेक टकटक करत गेला. चांगल्या चांगल्या आहेत असं त्याचं मत दिसलं.

म्हणजे ते त्याचंच होतं. घरी येताना तिने मनाशी पक्कं केलं. त्याच्याकडून सुटलं आणि वळचणीला येऊन बसावं तसं तिच्या हातात येऊन बसलं. आता हे ठेवलं, तर रविवारी आईला ऐकू येईल; पण ऐकू येईल तो जाड्या. हाकललं, तर जे उरेल ते तिचं, निव्वळ तिचं. आणि त्यातलं अक्षरही आईच्या कानावर पडणार नाही. रस्त्यात एका काचेत तिला स्वतःचं प्रतिबिंब दिसलं. उजवा हात पिशवी धरून, डावा पाठीमागे. ती काचेसमोरून पुढे सरकली आणि तिला वाटलं, प्रतिबिंब केसभर मागून सरकलं.

मागच्या खोलीत आई कार्यक्रमासाठी तिचा काळा कोट शिवत होती. हातानेच, थंडी सुरू झाल्यापासून गुडघ्याने दगा दिला होता, पायाचं मशीन मारता येत नव्हतं. ते कोपऱ्यात चादर पांघरून बसलं होतं, जसं काही घरात आणखी एक म्हातारी आहे. "बाही बघ," आई म्हणाली. डावरीने उजवा हात घातला, मग डावा. मग आवाज उतरवून, अगदी तळाला नेऊन म्हणाली, "आई, डाव्या बाहीचं तोंड शिवून टाक." आईची सुई थांबली. "काय म्हणालीस?" "हात आत राहू दे. बाही बंद करून टाक. तेव्हा केली होतीस तशी." आईने सुई कापडात खोचून ठेवली. तेव्हा म्हणजे शाळेतली पहिली थंडी. पोरगी डाव्या हाताने लिहिते म्हणून बाईंनी चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या पाठवल्या, आणि आईने एका संध्याकाळी तिच्या स्वेटरच्या डाव्या बाहीचं तोंड शिवून टाकलं. सगळी थंडी हात पिशवीत ठेवलेल्या मांजराच्या पिलासारखा आत राहिला. पोरगी रडली नाही. उजव्याने लिहायला शिकली, उजव्याने जेवायला शिकली. शाळेतून आली की मशीनखाली, आईच्या पायांजवळ जाऊन बसायची. तिथे ऊब असायची, तेलाचा वास असायचा, आणि आईच्या पावलांखाली वर-खाली होणारा मशीनचा लोखंडी पायटा. बाहीच्या आत, अंधारात, तो हात त्या वेळी काय करत होता, हे कोणी विचारलं नाही. तिलाही आठवत नव्हतं. ती बाजू कोरी होती. "शहाणी आहेस की खुळी?" आई म्हणाली. "खुळी," डावरी म्हणाली. "मग शिवते. शहाणीला नसती शिवली." कार्यक्रमाच्या दिवशी कोट अंगावर चढवल्यावर आईने चष्मा पुसला, सुईत काळा दोरा ओवला आणि बाहीचं तोंड शिवलं. दोरा तोडताना तिचे दात डावरीच्या मनगटाजवळ आले. आतला हात दचकला, असं डावरीला वाटलं. की तीच दचकली, ते तिला सांगता आलं नसतं.

हॉल लाकडी जमिनीचा होता, घडीच्या खुर्च्यांचा, दुपारच्या उन्हात धूळ तरंगत असलेला. अर्धा भरला होता. स्टुडिओवाला आला होता. जाड्याही शेवटच्या रांगेत, कडेला, डावा हात मांडीवर ठेवून. तिने एका हाताने वाजवायला सुरुवात केली. लोकांना वाटलं, अपघात झाला असेल बिचारीला. काही जण त्या सहानुभूतीने ऐकू लागले. वरचे सूर उन्हात सुटे सुटे पडत होते, मधे मोकळी जागा, पुन्हा सूर. स्वच्छ होतं सगळं. घर रिकामं करून झाडून काढल्यावर असतं तसं स्वच्छ. आई पहिल्या रांगेत हात जुळवून बसली होती, आणि काचेच्या टाकीतले मासे बघताना होतो तसा तिचा चेहरा झाला होता. तोंडं उघडतायत, मिटतायत, गोड दिसतायत. डावरीने तो चेहरा पाहिला आणि तिची बोटं जड झाली. हेच हवं होतं ना, तिने स्वतःला विचारलं. निव्वळ तुझं. घे.

दुसऱ्या तुकड्यात पहिल्या मोकळ्या जागेशी ती पोहोचली, थांबली, आणि त्या शांततेत तिला ऐकू आलं. ठक्. बारीक, लाकडावरची. तिला वाटलं, कोणाची खुर्ची. पुढच्या जागेत पुन्हा. ठक्. तिने मान न उचलता नजर फिरवली. आईचा पाय. काळ्या सपातेतला आईचा उजवा पाय, टाच, चवडा, टाच, चवडा, जमिनीवर नसलेला पायटा मारत होता. आईला त्याची गंधवार्ता नव्हती. तिचा चेहरा तसाच, माशांकडे बघणारा. दुखऱ्या गुडघ्याचा तो पाय मात्र जुन्या, कसलेल्या, दुनियेच्या विजारी आखूड केलेल्या लयीत चालला होता. आणि डावरीला मशीनखालची ऊब आठवली. एकदम, सगळीच्या सगळी. तेलाचा वास, लोकरीचा वास, बाहीच्या आतला अंधार, आणि त्या अंधारात आपल्याच गुडघ्यावर पडणारं आपलं डावं बोट. पायटा खाली येऊ द्यायचा. त्याला जाऊ द्यायचं. मग आपण. केसभर मागून, म्हणजे आईला कळणार नाही.

बाही ताणली गेली. तिने ताणली की हाताने, देव जाणे. तिला वाटलं आता कापड टरकेल, सगळा हॉल ऐकेल. काहीच टरकलं नाही. दोरा सळसळत निघून आला, एकाच ओढीत, शेवटच्या टाक्यापर्यंत, लोण्यातून केस निघावा तसा. आणि हात बाहेर आला. उन्हात तो क्षणभर थांबला. ठक्. मग तो खालच्या पट्ट्यांवर पडला.

आईने मान वळवली. मागून कोणी नाव घेऊन हाक मारल्यावर वळवतात तशी. तिचे जुळवलेले हात सुटले, ओठ किंचित उघडले, आणि ती स्टेजकडे अशी बघू लागली की जणू इतका वेळ तिथे पडदा होता. डावरी वाजवत राहिली. दोन्ही हातांनी. चिखल होत नव्हता. शेवटच्या रांगेत जाड्या उठून उभा राहिल्यासारखं तिला दिसलं. तो आपला डावा हात वर धरून बोटं उघडमीट करून बघत होता, मुंग्या आल्यावर करतात तसं. मग तिची नजर पुन्हा खाली आली. आईचा पाय थांबला होता. दोन्ही पाय जमिनीवर, जवळजवळ, शांत ठेवून आई नुसती ऐकत होती. पाय थांबला होता. ठोका थांबला नव्हता. ठक्, आणि केसभर मागून तिचा हात. ठक्. कोण पुढे जातंय हे बघायला डावरीने मान वर केली नाही. ज्याला जायचं त्याला जाऊ द्यावं, आपण मागून यावं.

संपल्यावर लोक आले, हात मिळवून गेले. स्टुडिओवाला म्हणाला, "अगं, हेच ते! कोण वाजवतं सांगत नव्हतीस, लबाडे. आणि ती ठक् मी उगाच काढली. परत घालतो." मग हॉल रिकामा झाला, आणि आई स्टेजच्या पायऱ्या धरत धरत वर आली. "आज ऐकू आलं," ती म्हणाली. डावरीच्या घशातला जुना काटा तरी बोललाच. "जाड्याचं?" "जाड्याचं कसं? तो तर मागे बसला होता, हात झटकत. स्टेजवर तूच होतीस ना?" आईने तिचं डावं मनगट हातात घेतलं, चष्मा खाली घेऊन बाहीची कड बघितली. काळा दोरा तिथे लोंबत होता, अख्खा, कुठेही न तुटलेला.

"कच्चा टाका घातलास," डावरी म्हणाली. "गाठसुद्धा मारली नाहीस."

"तेव्हाही कच्चाच होता गं," आई म्हणाली. "लहान पोर, हात आखडला तर? म्हटलं, नको वाटलं की ओढेल आणि काढेल. रोज वाट बघायचे. तू कधी ओढूनच पाहिलं नाहीस."

हॉलचा माणूस खुर्च्यांच्या घड्या घालून भिंतीला टेकवत होता. ठक्. डावरी आईकडे बघत उभी होती. ठक्. मांडीवर तिचं डावं बोट हलत होतं, प्रत्येक खुर्चीमागून, केसभर उशिराने. आईने बाहीतला दोरा ओढून घेतला, सवयीने बोटाला गुंडाळला आणि पदराच्या टोकाला बांधून टाकला. खुर्च्या संपल्या. माणूस दिवे मालवून, किल्ल्या वाजवत बाहेर जाऊन उभा राहिला. आणि अंधाऱ्या, रिकाम्या हॉलमधून दोघी दाराकडे निघाल्या, तेव्हा त्यांच्या थोडं पुढे, लाकडी जमिनीवर, ठक् ठक् करत, कोणीतरी चालू लागलं.

"सावकाश," आई खालच्या आवाजात म्हणाली. "त्याला पुढे जाऊ दे."